मॅगव्हील बसवल्यावर स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग केलं तरी परत थरथरतं: कुठून तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. कंपनीच्या लोखंडी रिम काढून हलकी मॅगव्हील्स, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, बसवली. गाडी दिसते झकास, सिग्नलवरून उचलतेही बरी, साठपर्यंत काही जाणवत नाही. अटल सेतूवर किंवा पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट पट्ट्यात ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं आणि शंभरच्या आसपास थोडं निवतं. टायरवाल्याकडे ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात करून घेतलं की काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कधी तर दुकानातून बाहेर पडल्यावर आधीपेक्षा जास्त. टायरवाला म्हणतो, मशीनवर शून्य दाखवतंय, आता रस्तेच असे त्याला मी काय करू.

यात अलाइनमेंट आधीच बाजूला काढा. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खातात. ठरावीक वेगाला येणारी थरथर त्यातून येत नाही. त्याचे पैसे दर वेळी देण्यात अर्थ नाही.

राहिलं बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा समतोल साधणं. मशीन खोटं बोलत नाही, पण ते जे शून्य दाखवतं ते मशीनच्या दांड्यावरचं असतं. मशीन चाकाच्या मधल्या भोकात शंकू घालून चाक पकडतं, म्हणजे तिथे चाक स्वतःच्या केंद्राभोवती फिरतं. गाडीवर ते हबच्या, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसवतात त्याच्या, केंद्राभोवती फिरतं. ही दोन केंद्रं एकमेकांवर बसली नाहीत तर मशीनवरचं शून्य गाडीवर शून्य राहत नाही. चाक आर तिरकी बसलेल्या भोवऱ्यासारखं फिरतं. शिवाय चाक दर वेळी काढून लावलं की हे अंतर नव्याने ठरतं. बॅलन्सिंगने बरं वाटलं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा त्या खेपेला चाक नशिबाने मध्याजवळ बसलेलं असतं, एवढंच.

म्हणून पहिला प्रश्न: थरथर किती वेळाने परत येते? दुकानातून निघाल्या निघाल्या आहेच, किंवा चाक काढून लावलं की कमी-जास्त होते, तर चाक मध्यावर बसत नाहीये. काही आठवडे ठीक जातात आणि पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर अचानक येते, तर वजनं आणि चिखल बघा. एखादा जोरदार खड्डा बसल्यानंतर सुरू झाली, तर रिम किंवा टायर. आणि ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिच्याकडे नटांच्या भागात येतो.

तपासणी कुठल्या रस्त्यावर करता हेही महत्त्वाचं. मुंबईत काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, शिवाय दर काही मीटरवर सांधा. त्याची घरघर आणि ठक-ठक स्टिअरिंगपर्यंत येतेच. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज आणि थरथर दोन्ही बदलत असतील तर दोष चाकाचा नाही. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात वेगमर्यादा ८० आहे, तिथे नेमका त्रासाचा पट्टा हाती लागत नाही. अटल सेतूवर १०० ची मर्यादा आहे आणि २१.८ किलोमीटरचा मार्ग. पहाटे तिथे ८० ते ९५ मध्ये शांतपणे गाडी चालवून बघता येते. थरथर हातात जाणवली तर पुढची चाकं, बसायच्या जागेखाली जाणवली तर बहुधा मागची.

फुकटात होणारं आधी

चाक काढायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून किंवा खोदलेल्या गल्लीतून जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतून चिखलाचा थर वाळून बसलेला असतो, तोही सगळीकडे सारखा नसतो. गाडी धुणारा पोरगा बाहेरून चकचकीत करतो, आत कोण हात घालतंय. पंधरा-वीस ग्रॅम चिखल एका जागी असला तरी स्टिअरिंग थरथरायला पुरतो. नळी घालून, ब्रश मारून आतून धुवा आणि मग चालवून बघा. या एवढ्यावर सुटलेल्या तक्रारी मी पाहिल्या आहेत.

दुसरं म्हणजे वजनं. लोखंडी रिमच्या कडेला ठोकून बसवायची वजनं मॅगव्हीलवर चालत नाहीत, त्यामुळे आतून चिकटवायची पट्टी लावतात. ब्रेकची काळी भुकटी, ग्रीस, ओलावा यांच्यावर ती चिकटवली की ब्रेकच्या उष्णतेने आणि पावसाच्या पाण्याने सुटतेच. जिथे पट्टी होती तिथे चौकोनी स्वच्छ खूण राहते. ती दिसली की कारण सापडलं. नवीन लावताना जागा आधी सॉल्व्हंटने पुसून कोरडी करायला सांगा, आणि जुनी सगळी वजनं काढून मग मोजायला सांगा. जुन्यावर नवीन, त्यावर अजून एक, असा थर चढलेला दिसला तर समजायचं की आधीच्या प्रत्येक कारागिराने मागच्याच्या चुकीवर पांघरूण घातलंय.

मशीनची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे. शून्य आल्यावर चाक सैल करून दांड्यावर अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा घट्ट करायचं आणि परत फिरवून बघायचं. फरक चार-पाच ग्रॅमपर्यंत ठीक. त्याहून जास्त आला तर शंकू नीट बसलेला नाही, किंवा दांडा किंवा शंकू घासलेला आहे. दुकानदार नाक मुरडेल, पण चांगला कारागीर असेल तर त्यालाही हे माहीत असतं.

मधलं भोक

बहुतेक वेळा खरी गोम इथे असते. कंपनीच्या रिमचं मधलं भोक त्या गाडीच्या हबवरच्या उंचवट्याला बेताचं असतं, सरकवलं की चाक आपोआप मध्यावर येतं. बाजारात मिळणारी मॅगव्हील्स अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवून बनवतात. स्विफ्ट किंवा आय२० च्या हबवर हे माप ५४.१ मिलिमीटर आहे, सिटीला ५६.१, पोलोला ५७.१. बाहेरच्या मॅगव्हीलचं भोक बऱ्याचदा ६७.१ किंवा ७३.१ असतं.

आमच्या सोसायटीतल्या एका स्विफ्टचं चाक काढून हे दाखवलं तेव्हा मालकाचा विश्वास बसेना. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला: हब ५४.१, रिमचं भोक ६७.१. रिम हबवर टेकवून धरली की चारी बाजूंनी साडेसहा मिलिमीटर फट. म्हणजे नट आवळेपर्यंत ते चाक चार स्टडवर (नट ज्यांवर चढतात त्या दांड्यांवर) नुसतं लोंबकळत होतं. पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४×१०० बरोबर होता, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बरोबर होता, टायरही नवे. दुकानाने ‘स्विफ्टला फिट’ म्हणून विकलं होतं आणि तेवढ्यापुरतं ते खोटंही नव्हतं.

थोडं हिशेबाने बघू. टायरसकट चाक १६ किलोचं धरलं आणि ते केंद्रापासून फक्त ०.३ मिलिमीटर सरकलं, तर १५ इंची रिमच्या कडेला २५ ग्रॅमचं वजन चिकटवल्याइतका असमतोल तयार होतो. १८५/६५ आर१५ टायरचा परीघ साधारण १.९५ मीटर आहे. ताशी ९० ला हे चाक सेकंदाला जवळजवळ १३ फेऱ्या मारतं, आणि प्रत्येक फेरीला सुमारे तीन किलोचा धक्का हबला बसतो. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची स्वतःची थरथरण्याची गती बऱ्याच गाड्यांत सेकंदाला १० ते १५ च्या टप्प्यात असते. दोन्ही जुळतात तिथे थरथर उसळते, वेग वाढला की उतरते. ‘ऐंशी ते शंभर’ या पट्ट्याचं कोडं एवढंच आहे.

उपाय म्हणजे हब रिंग: बाहेरचा व्यास रिमच्या भोकाइतका, आतला हबइतका. वरच्या स्विफ्टला ६७.१ ते ५४.१. चार मॅगव्हील्सच्या किमतीपुढे या रिंगांची किंमत किरकोळ आहे, तरी दुकानात मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा, मात्र माप स्वतः घेऊन जा. ‘मारुतीची द्या’ एवढ्यावर घेऊ नका, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या गाड्यांची मापं वेगळी असू शकतात. रिंग हाताने दाबल्यावर किंचित जोर लावून बसली पाहिजे. ढिली असेल तर तिचा उपयोग नाही.

प्लास्टिकची घ्यायची की अ‍ॅल्युमिनियमची, यावर वाद रंगतात. माझं मत प्लास्टिकच्या बाजूला. दमट आणि खाऱ्या हवेत लोखंडी हबवर अ‍ॅल्युमिनियमची रिंग धरून बसते आणि वर्षभराने चाक काढताना हातोडा घ्यावा लागतो. प्लास्टिक भार घेईल का ही शंका बरोबर वाटते, पण रिंगेवर भार नसतोच. गाडीचा भार नट आवळल्यावर रिम आणि हबच्या पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं त्यावर असतो. रिंग फक्त आवळेपर्यंत चाक मध्यावर धरते. घाटात सारखे ब्रेक मारत उतरणारी, भरपूर तापणारी गाडी असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या, पण दर सर्व्हिसला काढून साफ करा.

रिंग घालण्यापूर्वी हबचं तोंड बघा. समुद्राजवळच्या इमारतींखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या हबवर गंजाचे पापुद्रे असतात. कंपनीच्या लोखंडी रिमखाली ते दबून गेलेले असतात, नवीन मॅगव्हीलच्या सपाट तोंडाखाली एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरपं बसतं. तारेच्या ब्रशने घासा, पुसा, मग चाक चढवा.

नट

शंकूच्या आकाराचे नट नीट आवळले तर तेही चाक मध्यावर आणतात, हे तत्त्वतः खरं. अट अशी की चाक जमिनीपासून उचललेलं असताना चारही नट हाताने बसवायचे, समोरासमोरच्या क्रमाने पान्ह्याने थोडे थोडे आवळायचे, मधे चाक हलवत राहायचं, आणि गाडी खाली टेकवल्यावर शेवटचा जोर द्यायचा. प्रत्यक्षात हवेवर चालणारी गन लावून एक नट ‘टर्र’ करून पूर्ण आवळतात आणि मग शेजारचा. पहिल्याच नटाने चाक एका बाजूला खेचून धरलेलं असतं. तेवढ्यावर भागत नाही. असमान आणि अति आवळल्याने ब्रेकची डिस्कही किंचित वाकडी होते, आणि मग ब्रेक दाबल्यावर पॅडल आणि स्टिअरिंग हलायला लागतं. ब्रेकवरच येणारी थरथर मॅगव्हील बसवल्यानंतर सुरू झाली असेल तर नवी डिस्क घेण्याआधी सगळे नट सैल करून टॉर्क पान्ह्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने) पुन्हा आवळून बघा. किती जोराने, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. मॅगव्हील नवीन असेल तर ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासायचं, कारण नटांची बैठक थोडी दबते. ‘काही दिवस बरं होतं, मग परत’ याचं एक कारण हेही आहे.

नटाचं बूडही जुळलं पाहिजे. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोलाकार असतं, टोयोटाच्या बऱ्याच मूळ मॅगव्हील्सचे नट सपाट वॉशरवाले, आणि बाहेरची बहुतेक मॅगव्हील्स ६० अंशांच्या शंकूसाठी बनवलेली. सिटीचे मूळ नट बाहेरच्या रिमवर लावले की ते बारीक कडेवर टेकतात, आवळल्यासारखे वाटतात आणि काही दिवसांनी सैल होतात. इथे प्रश्न थरथरीचा राहत नाही, चाक निघून जाण्याचा होतो. आटेही बघा: मारुतीला १२×१.२५, होंडा आणि ह्युंदाईला १२×१.५. हाताने दोन-तीन फेरे सहज गेले नाहीत तर पान्हा लावूच नका.

आणि ४×९८ च्या हबवर ४×१०० ची रिम कोणी जोर लावून बसवली असेल (जुन्या पालिओसारख्या फियाटवर हे होतं), तर तपासायचं काही उरत नाही. रिम उतरवा.

रिम वाकली की टायर फुगला

हलक्या चाकाच्या हौसेबरोबर बहुधा एक इंच मोठी रिम आणि कमी उंचीचा टायर येतो. १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/५५ आर१६ लावला तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, ६२१ मिलिमीटर, पण रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर १२० वरून १०७ वर येतं. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्याला हे तेरा मिलिमीटर जाणवतात.

वाकलेली रिम पकडायला डायल गेजसारखं मोजमापाचं उपकरण नको. गाडी जॅकवर घ्या, चाकाजवळ दोन विटा रचा, त्यावर बॉलपेन चिकटपट्टीने असं बसवा की टोक रिमच्या कडेपासून केसभर दूर राहील, आणि चाक हळू फिरवा. टोक आणि कड यांच्यातली फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत चालून जातं. त्याहून जास्त असेल तर बॅलन्सिंगने ते झाकता येत नाही. मग हेच टायरच्या पट्ट्यावर करा. रिम सरळ आणि टायर वरखाली होतोय, तर टायरची आतली तार तुटली आहे किंवा टायर रिमवर नीट बसलेला नाही. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक गोल रेघ असते. ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. बाजूच्या भिंतीवर फुगवटा असेल तर टायर बदलायचा, चर्चा नाही.

रिम ‘ठोकून सरळ’ करून देणारे बरेच आहेत. आतल्या कडेचा थोडासा वाक प्रेसवर थंड स्थितीत निघतो, तेवढा काढून घ्या. गॅसची ज्योत लावून हातोड्याने ठोकत असतील तर रिम परत उचलून आणा. अ‍ॅल्युमिनियमची ताकद त्यावर केलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, ज्योतीने ती जागा मऊ पडते. तडा वेल्डिंग करून घेणं तर नकोच.

एवढं करूनही थरथर राहिली तर पुढची आणि मागची चाकं आपसांत बदलून बघा. थरथर हातातून सीटखाली गेली तर चाकातच आहे. तिथेच राहिली तर स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे तपासा: बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, लोअर आर्मचे बुश (रबरी जोड), आणि व्हील बेअरिंग. साठ-सत्तर हजार किलोमीटर मुंबईत चाललेल्या गाडीचे बुश थकलेले असतातच. जुन्या उंच टायरचं रबर ते झाकत होतं. महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर टायर एका जागी चपटा होतो, तो पंधरा-वीस किलोमीटरमध्ये ताप धरून बहुधा गोल होतो. त्याआधी निष्कर्ष काढू नका.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्याबद्दल. मॅगव्हील म्हणजे हलकं हे गृहीत धरू नका. साच्यात नुसतं ओतून बनवलेली, जाड आऱ्यांची, आकाराने मोठी स्वस्त मॅगव्हील्स कंपनीच्या लोखंडी रिमपेक्षा जड भरतात. फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर कड दाबून ताणलेली) किंवा फोर्ज्ड (दाबाने घडवलेली) रिम खरोखर हलकी असते आणि महागही. घेण्याआधी काट्यावर ठेवा. भंगारवाल्याचा काटा पाच मिनिटांत सांगतो. टायरसकट वजन करा, नाहीतर रिममध्ये वाचवलेला किलो रुंद टायर परत घेऊन जातो. समजा चाकामागे खरोखर दोन किलो वाचले, तर एकूण आठ. फिरणाऱ्या वजनाला वेग देताना त्याला पुढेही ढकलायचं असतं आणि गरगर फिरवायचंही असतं, त्यामुळे कडेचं एक किलो बॉडीवरच्या जास्तीत जास्त दोन किलोंइतकं भारी पडतं. म्हणजे आठाचे फार तर सोळा. हजार किलोच्या गाडीला हा दीड टक्का. इंजिन तेच राहतं. फायदा जास्त करून खड्ड्यांवर आणि वळणावर जाणवतो, कारण स्प्रिंगखालचं वजन कमी झाल्यावर चाक रस्त्याला चटकन चिकटतं. सायन-पनवेलच्या उखडलेल्या पट्ट्यात मला तो फरक सिग्नलवरच्या पिकअपपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. रिमवर आयएसआय चिन्ह आणि भारक्षमतेचा आकडा कोरलेला आहे का ते बघा, आणि मॅगव्हील लावल्याचं विमा कंपनीला कळवा.

शेवटी स्टेपनी. डिकीत अजून जुनी लोखंडी रिम असेल तर तिचे मूळ नट एका पिशवीत तिच्याजवळच ठेवा, कारण नवीन लांब नट तिच्यावर बसतीलच असं नाही. पंक्चर काढायला चाक उतरवलं की हब रिंग कधी रिममध्ये अडकून जाते, कधी हबवर राहते, कधी दुकानाच्या फरशीवर. चाक परत चढवण्याआधी ती जागेवर आहे का ते स्वतः वाकून बघा, आणि पंक्चरवाल्याला गन बाजूला ठेवून नट हाताने लावायला सांगा.